आण्णांचा निकाल बरोबर, कारण चुकीचं

वाचकाचं पत्र, थोडं आटोपून:

"सर, मी २६ वर्षांचा. तासगाव तालुक्यात आमचं रस्त्याकडेला फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. ग्रिल, गेट, पत्र्याची शेड आणि सीझनच्या आधी उसाच्या ट्रॉल्यांची दुरुस्ती अशी कामं असतात. वडील, म्हणजे आण्णा, तीस वर्षं रॉडवरच, म्हणजे होल्डरमध्ये रॉड धरून करायच्या वेल्डिंगवरच, काम करतात. मी आयटीआयला वेल्डर केलं आणि चाकणला एका कंपनीत दोन वर्षं सीओटूवर, म्हणजे गनमधून तार आणि गॅस येणाऱ्या मिग वेल्डिंगवर, होतो. गेल्या वर्षी गावी आलो आणि कर्ज काढून २०० ॲम्पियरचं सिंगल फेज मिग मशीन घेतलं. गेट-ग्रिलला मस्त चालतं. पण गेल्या महिन्यात मी जोडलेला ट्रॉलीचा पुढचा दांडा मालकाच्या अंगणातच सुटला. नशिबानं कुणाला लागलं नाही. जोड इतका सुरेख होता की मी त्याचा फोटो स्टेटसला ठेवला होता. आण्णा चारचौघांत म्हणाले, 'सीओटूनं नुसता डिंक लावलाय.' आता मशीन विकून टाक म्हणतात. दुसरं, बाहेर शेडवर काम केलं की जोडात भोकं पडतात. कंपनीत कधी पडली नाहीत. गॅस वाढवून पाहिला, उपयोग नाही. तिसरं, जीआय पाईपचं काम असलं की आमच्या हेल्परला रात्री थंडी वाजून ताप येतो. आण्णा त्याला गूळ देतात. मशीन विकू की ठेवू?"

मशीन ठेव. तुझ्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. खरा प्रश्न तू विचारलेलाच नाहीस, तो मी विचारतो: या मशीनवर तू आजवर किती ट्रॉल्यांचे दांडे जोडलेस?

सुटला एक. पण मशीन तेच, सेटिंग तेच, हात तोच आणि प्लेटही तेवढीच जाड असेल, तर बाकीचे जोड वेगळे असायचं काही कारण नाही. ते अजून सुटायचे आहेत, इतकंच. ऑक्टोबर-नोव्हेंबरात साखर कारखान्यांचे बॉयलर पेटले की त्याच ट्रॉल्या, एका ट्रॅक्टरमागं दोन-दोन, वर वाढे लोंबत असलेल्या, रात्री-बेरात्री रस्त्यावर येतील. चढाला सुटलेली भरली ट्रॉली मागच्या मोटरसायकलवाल्याला दिसतसुद्धा नाही. म्हणून आज संध्याकाळी वही काढ. वही नसेल तर आण्णांना शेजारी बसवून आठवून आठवून यादी कर आणि एकेका मालकाला फोन लाव. म्हणावं, ट्रॉली घेऊन या, दांडा परत बांधून देतो, पैसे नकोत. लाज वाटेल, वाटू दे. गावात चार दिवस चर्चा होईल की पोरानं कच्चं काम केलं. सीझनमध्ये दांडा सुटून जी चर्चा होईल ती चार दिवसांत संपणार नाही.

यादी झाली का? मग आता कारणाकडे वळू.

आण्णा म्हणाले डिंक. शब्द एकदम नेमका आहे. वस्तू चिकटली होती, एकजीव झाली नव्हती. त्यांचा निकाल मला मान्य आहे. पण तो त्यांनी सीओटूवर लावला, तिथं ते चुकले. दोष तू निवडलेल्या पद्धतीचा आणि प्लेटच्या जाडीचा आहे. या दोन गोष्टींची सोयरीक जमत नाही.

तुझ्या मशीनवर ०.८ एमएमची तार असणार आणि तू १८-१९ व्होल्टवर चालवत असणार. त्या सेटिंगला तार वितळलेल्या धातूत बुडते, शॉर्ट होते, तुटते, परत बुडते. सेकंदाला शंभराच्या आसपास वेळा हे चालतं. तापल्या तव्यावर पाण्याचे थेंब तडतडावेत तसा जो एकसारखा आवाज येतो, तो याचाच. प्रत्येक बुडीला आर्क, म्हणजे विजेची ज्योत, क्षणभर विझतो, म्हणून उष्णता बेताची राहते, आणि म्हणूनच दीड-दोन एमएमच्या चौकोनी पाईपला भोक न पाडता तू गेट झटपट उरकतोस. हाच गुण १२ एमएमच्या प्लेटवर अंगाशी येतो. जाड प्लेट उष्णता गटागट पिते. तार वितळते, प्लेट वितळत नाही. वितळलेली तार प्लेटवर जाऊन बसते आणि तिथंच गार होते. वरून बघणाऱ्याला खवल्यावर खवला रचलेली देखणी माळ दिसते. आत दोन धातूंच्या मध्ये केसाएवढी फट तशीच असते.

रॉडला हा रोग होत नाही असं नाही, पण रॉडचं खोटं लगेच पकडलं जातं. ३.१५ एमएमचा रॉड १२० ॲम्पियरवर चालवला तर आर्कवर साधारण २५ व्होल्ट असतात आणि आर्क सलग जळत राहतो. करंट कमी पडला की रॉड चिकटतो, बीड, म्हणजे जोडाची माळ, दोरीसारखी उंच बसते, कुणीही शिकाऊ सांगेल की हे कच्चं आहे. मिग मात्र छान दिसत दिसत खोटं बोलतं. ही काही एकट्या आण्णांची शंका नाही बरं का. अमेरिकन वेल्डिंग सोसायटीची डी१.१ नावाची पोलादी बांधकामाची संहिता जगभर वापरतात. आधी चाचणी न घेता थेट वापरायला ज्या पद्धतींना तिनं परवानगी दिली आहे, त्यांत मिगची ही बुडीची पद्धत नाही. वापरायची तर आधी तुकडे करून, मोडून, सिद्ध करून दाखवायचं. म्हणजे तासगावातले आण्णा आणि अमेरिकेतली समिती, दोघांचं मत एकच आहे. तुझ्या आण्णांनी फक्त ते चारचौघांत सांगितलं.

मग कंपनीत हे का झालं नाही? तिथं मशीन तीन फेजचं, तार बहुतेक जाड, सेटिंग इंजिनिअरनं ठरवून दिलेलं, आणि नॉबला हात लावायची तुला मुभा नव्हती. दोन वर्षांत तू हात शिकलास, आणि हात चांगला आहे हे मी फोटो न बघताही मानतो. सेटिंग मात्र दुसऱ्याच्या डोक्यात राहिलं. इथं ते डोकं तुलाच व्हायचंय.

आणखी एक खरं सांग. दांड्याचा उभा जोड तू वरून खाली ओढलास ना? तसा जोड फार गुळगुळीत येतो, स्टेटसला ठेवण्याजोगा. पण वितळलेला धातू आर्कच्या पुढं घरंगळतो आणि आर्क प्लेटपर्यंत पोचतच नाही. पातळ पत्र्याला चालेल. भार घेणारा जाड जोड खालून वर चढवायचा. जरा ओबडधोबड दिसला तरी चालेल.

मी पहिल्यांदा सीओटूची गन हातात धरली तेव्हा माझंही असंच झालं होतं. एका कारखान्यात ट्रायलला गेलो होतो, नाव घेण्यात अर्थ नाही. जोड बघून शेजारचे दोघं 'वा' म्हणाले. फोरमननी काही न बोलता तुकडा व्हाइसमध्ये आवळला आणि मोठ्या हातोड्यानं एक घाव घातला. उभी प्लेट सरळ निघून पडली. तिच्या तळाला मी मारलेल्या ग्राइंडरच्या रेघा जशाच्या तशा होत्या. वितळणं सोडाच, त्या रेघासुद्धा पुसल्या गेल्या नव्हत्या. फोरमन एवढंच म्हणाले, "घरी देवघरासाठी कर." नोकरी मिळाली नाही, पण ती प्लेट मी मागून आणली. बरीच वर्षं खिडकीत ठेवली होती.

तुला हाच प्रयोग करायचाय, आणि आण्णांच्या समोर. दांड्याला वापरतोस त्याच जाडीच्या प्लेटचे वीतभर लांबीचे दोन तुकडे घे. एकावर दुसरा उभा ठेवून इंग्रजी टी कर, टाके मार आणि फक्त एकाच बाजूनं जोड घाल. सेटिंग जे तू दांड्याला ठेवलं होतंस तेच ठेव, आज मुद्दाम चांगलं करू नकोस. गार झाला की व्हाइसमध्ये धर आणि ज्या बाजूला जोड नाही त्या बाजूकडून उभ्या प्लेटवर घाव घाल, म्हणजे उभी प्लेट जोडाच्या अंगावर झुकेल आणि जोडाचं मूळ उघडं पडेल. मोडलेली जागा उजेडात धरून बघ. तुटलेला भाग सगळीकडे करडा, खरबरीत, दाणेदार असेल तर धातू फाटला, म्हणजे जोड खरा होता. सपाट चकचकीत पट्टा दिसला, ग्राइंडरच्या रेघा दिसल्या, किंवा प्लेटवर कारखान्यातून येतो तो काळा थर अजून शाबूत असेल, तर तिथं आण्णांचा डिंक. शेजारी आण्णांना त्यांच्या रॉडनं तसाच टी करायला लाव आणि तोही मोड. त्यांचाही मोडू शकतो, मला त्याची गंमत वाटेल, पण आधीच काही बोलू नकोस.

कोल्हापूर-सांगलीकडे फाउंड्र्या भरपूर आहेत. तिथल्या प्रयोगशाळेत कुणी ओळखीचा असेल तर एक जोड आडवा कापून त्याच्याकडे दे. तो कापलेली बाजू घासून तिच्यावर सौम्य नायट्रिक आम्ल आणि अल्कोहोलचं मिश्रण फिरवेल, की जोड किती खोल गेला ते वेगळ्या छटेत स्पष्ट दिसतं. घरी आम्लाचे प्रयोग करू नकोस.

डीपी टेस्टचे तीन डबे मिळतात, लाल रंग मारायचा, पुसायचा, वरून पांढरा फवारायचा. तुला ते कुणीतरी सुचवेल. त्यानं पृष्ठभागापर्यंत आलेली भेग दिसते. आत दडलेला कच्चेपणा दिसत नाही. त्यामुळं परत आलेल्या ट्रॉल्यांवर लाल रंग मारून 'काही नाही, न्या' असं म्हणू नकोस. सगळे जोड काढायचे.

काढायचे म्हणजे ग्राइंडरनं मुळापर्यंत काढायचे. वरून आणखी एक थर चढवणं म्हणजे भिंतीची ओल रंगानं झाकणं. जुना धातू गेला की प्लेटच्या कडांना उतार दे. दोन्ही कडा मिळून साठेक अंशांचा व्ही झाला पाहिजे, तळाशी दोन-तीन एमएमची फट. गंज, ऑइल, रेड ऑक्साइड, काळा थर हे सगळं जोडापासून बोटभर दूरपर्यंत घासून चकचकीत कर. मग रॉड. इथं आण्णांनाही एक गोष्ट बदलावी लागेल. ते नेहमीचा ६०१३ नंबरचा रॉड वापरत असणार. गेट-ग्रिलला तो उत्तम, आर्क पटकन धरतो, स्लॅग, म्हणजे जोडावरची खपली, टिचकीनं निघतो. पण झटके खाणाऱ्या दांड्याला ७०१८ घ्या. तो जोडात हायड्रोजन फार कमी सोडतो. हायड्रोजन राहिला की जोडाशेजारच्या धातूला भेग जाते, आणि ती लगेच नाही, कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जाते. तोवर ट्रॉली गिऱ्हाईकाच्या घरी पोचलेली असते.

७०१८ चा एक हट्ट असतो, त्याला ओल चालत नाही. फोडलेला पुडा पावसाळ्यात फळीवर पडून राहिला तर तो ७०१८ नावापुरताच उरतो. पुड्यावर भाजायचं तापमान लिहिलेलं असतं, साधारण ३०० ते ३५० अंश सेल्सिअसला तास-दोन तास. त्यानंतर वापरेपर्यंत १२० ते १५० अंशांच्या रॉड ओव्हनमध्ये ठेवायचा. ओव्हन नसेल तर छोटा पुडा घ्यायचा, ज्या दिवशी फोडला त्याच दिवशी संपवायचा. हाच शहाणपणा ६०१३ वर मात्र करू नका. त्याच्या लेपात थोडी ओल असावीच लागते, फार भाजला तर आर्क बिघडतो. दमट झाला असेल तर शंभरेक अंशांवर तासभर पुरे.

आण्णांचं जुनं ट्रान्सफॉर्मरचं मशीन ७०१८ ला कुरकुर करेल, आर्क सारखा विझेल. तुझ्या इन्व्हर्टर मशीनला रॉडचं बटण असेल तर त्यावर चालव, रॉड प्लसला, ३.१५ ला ११० ते १३० ॲम्पियर. म्हणजे बघ, ज्या मशीनला आण्णा विका म्हणतात त्याच मशीनवर आण्णांचा रॉड आजवर चालला नसेल इतका गोड चालेल. हे त्यांना मी सांगितलं म्हणून सांगू नकोस, होल्डर त्यांच्या हातात दे.

जाता जाता, तो दांडा कशाचा होता? आपल्याकडे ट्रॉलीला भंगारातलं काहीही लावतात, ट्रकचा पाटा, रेल्वेच्या रुळाचा तुकडा, जुना एक्सल. रुळात किंवा पाट्यात कार्बन अर्धा टक्का किंवा त्याहून जास्त असतो. असा धातू साध्या पद्धतीनं जोडला की जोडाच्या कडेला काचेसारखा कडक होतो आणि तडकतो, मग वेल्डर कितीही चांगला असो. ओळखायचं असेल तर ग्राइंडर लाव. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ जातात, फाटे थोडे. जास्त कार्बनच्या ठिणग्या जवळच फुलबाजीसारख्या फुटतात. फुलबाजी दिसली तर तो तुकडा दांड्याला नको, गिऱ्हाईकानं स्वतः आणून दिला असला तरी नको.

म्हणून तुमच्या वर्कशॉपमध्ये कामाची वाटणी मी अशी करीन. आत, आडोशाला, पाच एमएमपर्यंतचं काम तुझ्या मिगवर. त्याच्यापुढं जे जाड आहे आणि ज्याच्यावर माणसाचा जीव किंवा भार आहे, म्हणजे दांडा, एक्सलची बैठक, शेडच्या कैचीचे मुख्य सांधे, बेस प्लेट, ते रॉडवर. पुढं कधी तीन फेजचं मोठं मशीन आणि १.२ एमएमची फ्लक्स कोअर तार (पोटात फ्लक्सची पूड भरलेली) घेतलीस तर हा नियम मोडता येईल, पण तेव्हाही आधी टी मोडून बघायचा. मशीन विकायला गेलास तर दुकानदार काय भाव देईल ते तुला माहीत आहे, आणि हप्ते तर चालूच राहतील.

गावाकडचा वीजपुरवठाही हिशेबात धर. संध्याकाळी व्होल्टेज १८० वर येतं, त्यात तू अडीच स्क्वेअर एमएमची ३० मीटर वायर ओढून काम करत असशील. ३० ॲम्पियर ओढले तर बाराएक व्होल्ट त्या वायरीतच जिरतात. डिस्प्लेवर आकडा तोच दिसेल, जोडात जीव नसेल. जाड वायर घे, आणि अर्थ क्लॅम्प गंजलेल्या सळीवर नाही, घासलेल्या जागी, जोडाच्या जवळ लाव. ट्रॉलीवर काम करताना तर मुद्दाम. चाकाच्या पलीकडे अर्थ लावला की करंट बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंगच्या गोळ्यांवर डाग पडतात. महिन्यानं चाक आवाज करायला लागलं की त्याचा दोष मग बेअरिंगवाल्याला.

आता भोकं. कंपनीत भिंती होत्या, तुझ्या शेडला नाहीत, बाकी काही नाही. सीओटूचं काम वितळलेल्या धातूवरून हवा दूर ठेवणं, आणि ताशी आठेक किलोमीटरचा वारासुद्धा तो पडदा उडवून लावतो. म्हणजे झाडाची पानं सळसळतील इतकासा वारा. तू गॅस वाढवलास, सगळेच वाढवतात. पण २५ लिटरवर गॅस नोझलमधून घुसळत बाहेर पडतो आणि उलट बाहेरची हवाच आत ओढतो. मिनिटाला १२ ते १५ लिटर ठेव, नोझल जोडापासून १०-१५ एमएमवर, आणि नोझलमध्ये साचलेले गोळे दर थोड्या वेळानं काढ. वाऱ्याच्या बाजूला ताडपत्री बांध. ताडपत्री बांधता येत नसेल, वर कैचीवर चढून काम असेल, तर सरळ रॉड घे. रॉड आपला गॅस आपल्याबरोबर घेऊन येतो. बिनगॅसची फ्लक्सची तारही मिळते, पण तिला बहुधा गन मायनसला लावावी लागते. तुझ्या मशीनमध्ये आत ती अदलाबदल करायची सोय आहे का ते बघ, नसेल तर तार विकत घेऊ नकोस.

एक छोटी गोष्ट, कारण यात मीही फसलो आहे. सीओटू सिलिंडरमध्ये द्रवरूपात असतो. आतला द्रव संपेपर्यंत दाबाचा काटा जवळपास एकाच जागी उभा असतो, मग एकदम खाली येतो आणि नेमकी त्या दिवशी डिलिव्हरी असते. किती उरलाय ते कळायला सिलिंडर काट्यावर ठेव, रिकाम्याचं वजन त्याच्या खांद्यावर ठोकलेलं असतं. रेग्युलेटरला हीटर लाव, नाहीतर लांब जोड मारताना तो गोठतो आणि गॅस अडतो. त्याचीही भोकंच पडतात.

आता तुमच्या हेल्परचा ताप. हा व्हायरल नाही, नजर लागणं नाही, आणि गुळानं जाणाराही नाही. जीआय पाईपवर जस्ताचा थर असतो. जस्त ४२० अंशांना वितळतं आणि ९०७ अंशांना उकळतं, लोखंड वितळायला त्याहून कितीतरी जास्त लागतं. म्हणजे जोड बसायच्या आधीच जस्ताची वाफ झालेली असते. तीच वाफ हवेत जळून तो दाट पांढरा धूर होतो. तो छातीत गेला की चार ते दहा तासांनी थंडी, ताप, अंगदुखी, तोंडाला धातूची चव, घशाला कोरड. बहुधा एक-दोन दिवसांत आपोआप उतरतो. याची एक फसवी खोड आहे. रोज धूर घेणाऱ्याला शरीर दोन-चार दिवस सांभाळून घेतं, मग सुट्टीनंतर पहिल्या दिवशी ताप पुन्हा जोरात येतो. म्हणून जुन्या इंग्रजी पुस्तकांत याला सोमवारचा ताप म्हणत. तुमचा पोरगा सुट्टीनंतर जास्त आजारी पडतो का, आठवून बघ.

गुळाबद्दल. कारखान्यांमधून गूळ वाटायची पद्धत जुनी आहे, आणि तिच्यावर हसावं असंही नाही. लखनौच्या औद्योगिक विषविज्ञान संशोधन केंद्रातल्या संशोधकांनी उंदरांवर प्रयोग केले, ते १९९४ साली प्रसिद्ध झाले. फुप्फुसात गेलेली कोळशाची आणि सिलिकाची धूळ बाहेर पडायला गुळानं मदत होते असं त्यांना दिसलं. पण ते उंदीर होते आणि ती धूळ होती. जस्ताच्या धुरावर गूळ किंवा दूध चालतं याला काही आधार नाही. गूळ पोटात जातो, धूर छातीत. आण्णांनी गूळ द्यावा, पोराला गोड लागेल, पण त्याला औषध समजू नये.

करायचं ते असं. जोडाच्या दोन्ही बाजूंनी निदान दोन इंच जस्त घासून काढायचं, आणि घासतानाही नाकाला चांगला मास्क लावायचा, एन-९५ किंवा त्याहून वरचा. रुमाल चालत नाही. रुमालाच्या विणीतून हा धूर असा जातो की जसा चाळणीतून वारा. डोकं धुराच्या वर नाही, बाजूला. आत काम असेल तर पंखा असा लाव की धूर वेल्डरच्या तोंडापासून दूर जाईल, मात्र गॅसच्या पडद्यावर वारा येणार नाही. झाल्यावर घासलेल्या जागी झिंक प्रायमर मार, नाहीतर पहिला गंज तिथंच येतो आणि गिऱ्हाईक तुलाच बोलेल. कित्येकदा सगळ्यात सोपं म्हणजे आधी काळा पाईप घेऊन जोडायचा आणि मग रंगवायचा. गिऱ्हाईकाला समजावून सांगितलं तर निम्मे जण ऐकतात. ताप दोन दिवसांत उतरला नाही, किंवा दम लागायला लागला, तर तडक डॉक्टरकडे ने आणि वेल्डिंगचं काम करतो हे स्वतःहून सांग. ते विचारतीलच असं नाही.

आणि धूर फक्त जस्ताचाच वाईट असतो असं समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगावर काम करणाऱ्या संस्थेनं २०१७ साली वेल्डिंगचा धूर नक्की कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या गटात घातला. साध्या लोखंडाचासुद्धा. आण्णांनी तीस वर्षं तो घेतला आहे. त्यांचा खोकला कसा आहे हे तू पत्रात लिहिलेलं नाहीस. मास्क आणशील तेव्हा तीन आण. हेल्पर अठराच्या आतला असेल तर मास्क देऊन भागणार नाही, त्याला या कामावर घेऊच नकोस.

आण्णांशी कसं बोलायचं हे तू विचारलं नाहीस, पण पत्राचा अर्धा भाग त्यांच्याबद्दलच आहे. तुला लागलं ते 'डिंक' हे नाही, 'चारचौघांत' हे लागलं. त्यावर वेल्डिंगच्या माणसाकडे काही इलाज नाही. एवढं मात्र कर, की ट्रॉलीमालकांना फोन लावताना ते शेजारी असू देत, आणि 'आण्णांना शंका आली म्हणून परत तपासतोय' असं तूच सांग. ते खरंही आहे.

टी मोडून झाल्यावर दोन्ही तुकड्यांचे फोटो मला पाठव, मोडलेल्या बाजूनं, उन्हात धरून. सेटिंग काय ठेवलं होतं ते खडूनं प्लेटवरच लिही, म्हणजे मला विचारावं लागणार नाही. आणि तुझ्या मशीनमागं सिलिंडर नुसता भिंतीला टेकवून ठेवला असेल, तर पत्र वाचून झालं की आधी त्याला साखळी घाल.